ठाण्यातली न पिणाऱ्यांची बैठक

कल्याण, ६ नोव्हेंबर १९५७

ती. तुळसाआक्कास नाथाचा नमस्कार.

माझं अक्षर ओळखून पत्र तसंच चुलीत घालशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता बायजाकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे. हेमा, तूच वाचत असशील. आईला सांग की मामा शुद्धीवर आहे आणि सकाळचे आठ वाजलेत.

आक्का, सरोजच्या लग्नाला येत्या वैशाखात तीन वर्षं होतील. त्या दिवशी मांडवात काय झालं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, म्हणून इथे लिहीत नाही. तू म्हणालेलीस, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. मी चढलो नाही. हे पत्र चढतंय, त्याला माझा इलाज नाही.

लिहायला कारण घडलं. दिवाळीनंतर एका वकिलांचं कपाट पॉलिशला आलं. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरून मी कामाला बसलेलो. हात फिरवता फिरवता नजर खाली गेली तर कोपऱ्यात चार ओळी छापलेल्या: "दारू सोडावीशी वाटते, पण सुटत नाही? आम्हीही त्यातलेच. दर रविवारी सकाळी नऊ वाजता एकत्र बसतो. या. ठाणे," आणि त्यापुढे पॉलिशचा हा एवढा काळा डाग. नेमका पत्त्यावर. डाग माझ्याच हातचा. उन्हात धरून पाहिलं, दिव्यावर धरून पाहिलं. काही वाचता येईना.

आता पॉलिशवाल्याला दारूबंदी काय करणार, तूच सांग. सरकारने दुकानं बंद केली, पण स्पिरिटशिवाय लाख विरघळत नाही आणि लाखेशिवाय कपाट चमकत नाही. दिवसभर स्पिरिटचा डबा माझ्या गुडघ्याशी उघडा. तेव्हा ही माणसं शोधायचीच असं ठरवून रविवारी ठाण्याला गेलो.

टेंभी नाक्यावर एका चहावाल्याला हळूच विचारलं, "काय हो, ती पिणाऱ्यांची बैठक कुठे भरते?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोलिसात आहेस का रे?"

"नाही हो, पॉलिशमध्ये आहे."

त्याला काय ऐकू आलं कोण जाणे, तो भांडं घेऊन आतच गेला. पण बाकावरचा एक माणूस उठला, माझ्या कोपराला धरून म्हणाला, "चल माझ्यासंगे." मी म्हटलं, नशीब उघडलं. त्याने मला पुलावरून कळव्याला नेलं, खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांतून एका झोपडीपाशी. आत आठदहा माणसं भिंतीला टेकून ओळीने बसलेली. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. मी मनात म्हटलं, वा, काय शिस्त आहे! हीच ती बैठक. मीही चप्पल काढून ओळीत बसलो. मग एक बाई पेला घेऊन आली. ती गंगुबाईची हातभट्टी होती.

मी तसाच उठून माघारी फिरलो. थेंबाला शिवलो नाही. हेमा, हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखव.

तुझा,
नाथा


कल्याण, १२ नोव्हेंबर १९५७

आक्कास नमस्कार.

पत्र परत आलं नाही, म्हणजे निदान चुलीपर्यंत तरी पोचलं.

या रविवारी पुन्हा ठाण्याला गेलो. या वेळी प्रश्न बदलला. "दारू सोडणाऱ्यांची सभा कुठे असते?" असं मोठ्याने विचारलं, तर एका गृहस्थाने लगेच बोट दाखवलं. एका वाड्याच्या माडीवर सभा भरलेली. तिथे एक किडकिडीत वक्ते कापडावर काढलेलं माणसाचं काळीज छडीने दाखवत होते. कळकळीचा माणूस. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आपल्यापैकी कुणी आयुष्यात कधी मद्याला स्पर्श केला आहे का?" तीस माणसांनी ताठ मानेने नाही म्हटलं. मीही मान हलवली. काय करणार? एकट्याने उभं राहायचं म्हणजे कापडावरच्या काळजाशेजारी मलाच टांगलं असतं.

शेवटी गाठून विचारलं, "साहेब, एखाद्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याने काय करायचं?"

"मनाचा निग्रह करायचा."

"तो कसा करतात?"

"करायचा असतो," ते म्हणाले आणि मला ताक दिलं. मग प्रतिज्ञेची वही आली. मी सही केली. दोनदा केली, एक कमी पडेल म्हणून.

घरी आलो तर बायजा नेहमीसारखी दारातच नाक पुढे करून उभी. "आज ताकाचा वास येतोय," म्हणाली. "हे नवीनच."

आक्का, सही केलीय. आता सुटलीच समज.

नाथा


कल्याण, १९ नोव्हेंबर १९५७

आक्का,

हेमा, हे पत्र मोठ्याने वाच. भावोजी ओटीवर असले तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

पहिल्या रविवारी मी माघारी फिरलो नाही. तीन पेले प्यायलो. बायजाला गिऱ्हाइकाकडे गेलेलो म्हणून सांगितलं आणि तुला ते पत्र लिहिलं. हेमाला दोनदा वाचायला सांगितलं ते खोटं होतं, म्हणूनच दोनदा सांगितलं.

आणि ती प्रतिज्ञा मंगळवारपर्यंत टिकली. तुला लिहिलेलं दुसरं पत्र पेटीत टाकून दुकानात आलो. सुटलीच समज, असं लिहून हात मोकळा झालेला. तोच हात डब्याकडे गेला.

परवाच्या रविवारी मी कुणाला काही विचारलं नाही. पायांना वाट ठाऊक झालेली, नीट कळव्याला गेलो. गंगुबाईने मला ओळखलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच ना रं तो, बैठक शोधत आयलेला?"

"हो."

"अरं, ती बैठक इकरं नाय. ती तिकरं, ठान्यात, तल्याच्या पलीकरं. कौलांची शाला हाय बघ, तिथं. माझी पाच गिऱ्हाइकं नेली त्यांनी. तो मिठागरावरचा दौलत, रोजचा मानूस माझा. आधी मान खाली घालून यायचा, आता दारावरनं मान वर करून जातो. हाक पन मारतो, कशी हायस गंगुबाय म्हनून!"

मी विचारलं, "मग तू मला कशाला सांगतेस? तुझं गिऱ्हाईक जाईल."

"तुझ्यासारखा गिऱ्हाईक मना नको. पितोस आनि रडतोस. बाकीच्यांची मजा जाते."

सगळे हसले. आक्का, ते हसले म्हणून मला राग यायला हवा होता. पण मी डोळ्याला हात लावून पाहिला तर खरंच ओला. अजून प्यायलोही नव्हतो.

पेला तिने भरलेला होता. तो प्यायलो आणि मग उठलो. उठून तडक शाळा गाठली, तर साडेदहा होऊन गेलेले. शिपाई वर्ग झाडत होता. "गेले सगळे. पुढच्या रविवारी या."

"कोण असतात हो ते?"

"काय ठाऊक," शिपाई म्हणाला. "पण हसत असतात."

पुढचं पुढच्या पत्रात लिहीन असं म्हणत नाही. गेलो तर लिहीन.

नाथा


कल्याण, २५ नोव्हेंबर १९५७

आक्कास नमस्कार.

गेलो.

सकाळी स्वच्छ सदरा घालून निघालो तेव्हा बायजाने वाट अडवली. "चार रविवार झाले. कुठे जाता?"

"न पिणाऱ्यांच्या बैठकीला."

"पिऊन जाता का?" म्हणाली. तिचाही दोष नाही.

शाळेत पहिलीचा वर्ग. बाकडी अशी की बसलं की गुडघे कानाला लागतात. सहा माणसं होती. मधोमध श्रीपादराव म्हणून एक पिकलेले गृहस्थ, रेल्वेच्या हापिसातून निवृत्त झालेले, कोट, टोपी, काठी. मला वाटलं हे शाळेचे हेडमास्तर. ते उठून म्हणाले, "मी श्रीपाद. मला एक पेला कधी पुरला नाही आणि दहाही पुरले नाहीत. आज दोन वर्षं आणि तीन दिवस झाले. या मेस्त्री, बसा. बाक लहान आहे, सांभाळून."

त्यांनी माझ्या हातांकडे बघून ओळखलं. लाखेचा रंग नखातून जात नाही.

मग एकेकाने आपलं नाव सांगायचं आणि मनात असेल ते बोलायचं. गंगुबाईने सांगितलेला तो दौलत होता, कळव्याचा आगरी, मिठाने तळवे फुटलेले. म्हणाला, "मी दौलत. पाच म्हयने झाले. काल भावाच्या साखरपुऱ्याला गेलेलो. सगले तिकरं मागल्या दारी चाललेले, मना पन डोल्यांनी बोलावतात. मी कोपऱ्यात बसून नऊ लाडू खाल्ले नि पलालो. आता पोटात दुखतं." सगळे खो खो हसले, दौलत सगळ्यांत जास्त. ज्या गोष्टींवरून आपल्या घरी पोरीबाळी रडल्या, त्याच गोष्टी सांगून हे लोक हसत होते. आणि कुणी कुणाला कमी लेखत नव्हतं.

माझी पाळी आली. मी उठलो. आक्का, तीन वर्षांत मी हे कुणाला, बायजालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, मी नाथा. माझ्या भाचीचं लग्न होतं. आमच्यात मामाने नवरीला उचलून मांडवात न्यायचं असतं. चौरंगाला शेवटचा हात मारायचा म्हणून मी पॉलिशचा डबा बरोबर नेलेला. सकाळपासून चार वेळा गोठ्यामागे जाऊन आलो. मग सरोजला उचललं. ओटीच्या पायरीवर पाय सरकला आणि दोघंही पडलो. ती खाली, मी वर. तिचा हात कोपरात मोडला. अंतरपाट धरला तेव्हा तिचा हात तिच्या वडिलांच्या उपरण्यात बांधलेला होता. ती रडली नाही. मीच मोठमोठ्याने रडलो, म्हणून लोकांनी मला धरून गोठ्यात नेऊन बसवलं. मंगलाष्टकं मी तिथून ऐकली.

बोलून खाली बसलो. मग दौलतने साधं विचारलं, "मंग पोरीचा हात बरा झाला का?"

आक्का, मला माहीत नव्हतं.

तीन वर्षं मी मनातल्या मनात तुझी माफी मागतोय. त्या सगळ्या माफ्यांत मीच होतो. मला पायरी चढायला मिळेल का, मला आक्का बोलेल का. सरोजचा हात बरा झाला का, हे मी एकदाही विचारलं नाही. ना तुला, ना तिला.

निघताना मी श्रीपादरावांना म्हटलं, आता जन्मात शिवणार नाही. ते म्हणाले, "जन्माचं राहू द्या, मेस्त्री. दुपारच्या जेवणापर्यंत जमेल का?" म्हटलं, जमेल. "मग जेवल्यावर पुन्हा विचारा स्वतःला." आणि दौलत म्हणाला, "डबा बायकोच्या हाती दे."

दिला. बायजाने विचारलं, किती दिवस? म्हटलं, जेवणापर्यंत. तिने पानं वाढायला घेतली, आणि काय सांगू, वाढता वाढता हसू दाबत होती.

आक्का, सरोजचा हात बरा झाला का? माझ्याबद्दल काही लिहू नकोस. एवढंच कळव.

नाथा


कल्याण, ६ जानेवारी १९५८

आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं उत्तर पोचलं. टपालाने आलं नाही, दोन पायांवर चालत आलं, कडेवर मूल घेऊन. जावयांना अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सरोज सहा महिने झाले डोंबिवलीत बिऱ्हाड करून आहे, हे तू मला कळवलं नाहीस. बरोबरच केलंस. आणि आता तिला पाठवलंस, मामा खरं लिहितो की खोटं ते बघून ये म्हणून. तुझ्यासारखा फौजदार ठाणे जिल्ह्यात नाही.

काल ती सकाळी आठला घरी आली, तर मी निघून गेलेलो. बायजाने तिला चहा दिला, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, मलाही एकदा बघायचंच आहे, हे जातात कुठे." दोघी ठाण्याला आल्या.

इकडे माझी पाळी चाललेली. सहा आठवडे झाले त्याचं सांगत होतो. पॉलिश आता बायजा कालवते, डबा तिच्या नजरेसमोर असतो, मी फक्त बोळा फिरवतो. आणि तिचं मिश्रण माझ्यापेक्षा चांगलं उतरतं, गिऱ्हाइकं परस्पर तिलाच विचारू लागलीत, असं सांगून सगळ्यांना हसवत होतो. तेवढ्यात दारात बघितलं तर बायजा. तिच्यामागे सरोज. मी वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

श्रीपादराव म्हणाले, "थांबू नका मेस्त्री, बोलत राहा. या बाई, बसा. बाक लहान आहे, सांभाळून."

मग काय बोललो ते मला आठवत नाही. बायजा म्हणते, काही वावगं बोलला नाहीत.

बैठक सुटल्यावर तळ्याकाठी आलो. मी सरोजच्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो, म्हणून हाताकडे बघत होतो. तिने पदर बाजूला केला, हात लांब केला. गंजलेली बिजागरी अर्धी उघडून अडते ना, तसा तो मध्येच अडला.

"एवढाच होतो सरळ," ती म्हणाली. "थंडीत ठणकतो. वेणी घालताना त्रास होतो. मामा, बरा झालाय असं मी उगीच सांगणार नाही."

"नको सांगूस."

"आईने विचारायला सांगितलंय, तू हे सगळं आम्हाला का लिहितोस?"

मी म्हटलं, "पहिलं पत्र लिहिलं ते तुम्ही मला बोलवावं म्हणून. आता का लिहितो ते मला नीट सांगता येत नाही. लिहिलं की खोटं बोलायला अवघड जातं."

सरोजने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, मामा."

"बरं," म्हटलं.

"पण हा जड झालाय. धर जरा, मला अंबाडा बांधायचाय." आणि तिने पोर माझ्यापुढे केलं.

आक्का, मी आधी खाली बसलो. पायरीला पाठ लावून घट्ट बसलो आणि मगच हात पुढे केले. आठ महिन्यांचा गडी, काय वजन आहे त्याचं! त्याने माझी मिशी धरली, मग धोतर भिजवलं. बायजा आणि सरोज इतक्या हसल्या की तळ्यावर फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली. मी हललो नाही. भिजत बसलो. इतका आनंद मला कुठल्याच पेल्यात मिळाला नव्हता, हे मात्र पुढच्या रविवारी सांगणार आहे.

हाताला रोज तीळतेल चोळायला सांग तिला. किंवा राहू दे, मीच सांगेन. मी तुझ्याकडे येऊ का असं विचारल्यावर तिने 'ये' म्हटलंय.

नाथा


कल्याण, १७ मार्च १९५८

आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. हेमाचं अक्षर, पण बोलणं सगळं तुझं: "शिमगा आटपला. रविवारी २३ तारखेला पुण्याच्या गाडीने साडेनऊला कल्याणला उतरते. सरोजकडे महिनाभर राहणार. स्टेशनावर ये."

तीन वर्षांत पहिलं कार्ड. इतक्या वेळा वाचलं की मऊ पडलं. बायजाने शेवटी माझ्या हातातून काढून देवापुढे ठेवलं, नाहीतर फाटलं असतं.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला चार दिवस लागलेत. आक्का, साडेनऊला मी स्टेशनावर नसेन. रविवारी नऊ ते दहा मी ठाण्याला बाकावर असतो.

बायजा म्हणाली, "एक रविवार नाही गेलात तर काय बिघडेल? वन्सं येतायत." श्रीपादरावांना विचारलं, तर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही ठरवा, मेस्त्री." दौलत म्हणाला, "बहीन पयली. जा तू." सगळ्यांचं खरं आहे. पण गेल्या महिन्यात एक रविवार मी चुकवलेला. मोठं काम होतं, लग्नाचा पलंग. मंगळवारी बायजा पाण्याला गेली आणि माझा हात डब्याच्या झाकणावर. झाकण फिरवलंही. कसा उठलो आणि कळव्याला दौलतकडे पळालो ते माझं मला ठाऊक. दिवसभर त्याच्याबरोबर मीठ ओढलं, हाताची सालटी गेली. पलंग दोन दिवस उशिरा दिला. तेव्हा एका रविवाराने काय बिघडतं ते मी बघून आलोय.

आणि दुसरंही आहे. गेल्या रविवारी राघो म्हणून एक नवा माणूस आला. इथलाच, कल्याणचा टांगेवाला. हात इतके कापतात की घोड्यालाही कळतं म्हणतो. नुसतं नाव सांगून खाली बसला. जाताना माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुम्ही पुढच्या रविवारी असाल का?" मी हो म्हटलं.

म्हणून बायजा आणि सरोज तुला घ्यायला येतील. बायजाला तू लांबूनच ओळखशील, आजकाल तिच्याही नखांना लाखेचा रंग असतो. सामान हमालाला दे, स्वतः उचलू नकोस. आमच्याकडे जेवायचं, मग संध्याकाळी डोंबिवली. मी दहाला सुटतो, साडेअकरापर्यंत घरी पोचतो. रागावशील. रागाव. समोर बसून रागाव, मी ऐकून घेईन. फक्त एवढं ध्यानात ठेव, आजवर मी तुला शंभरदा 'येतो' म्हणालो आणि आलो नाही. या वेळी मी नक्की वेळ सांगतोय.

साडेअकराला येतो.

तुझा,
नाथा

वन्संना नमस्कार. येतील ते. भात मी त्यांच्याच वेळेला लावणार आहे. — बायजा